तीन तिरके छेद

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. इकडे सर्व ठीक, माझं डोकं सोडून.

काल शाळेतल्या बाई एक लाकडी मासा दुरुस्तीला घेऊन आल्या. शेपूट तुटलेलं. पोटाखाली आपल्या घराची खूण, तीन तिरके छेद, म्हणून मोठ्या विश्वासाने आल्या. तुझ्याच दुकानातला. हातात घेतला आणि डोक्यात तिडीक गेली. शेपटीत लाकडाच्या रेषा आडव्या! मग ती तुटेल नाही तर काय होईल? वर झाडाच्या सालीच्या रंगाऐवजी चकचकीत व्हार्निश.

तेही एक वेळ सोडलं असतं. पण डाव्या गालावर उंचवटा होता. आपण लाकडातली गाठ कधी कापत नाही, कापलेली गाठ लाकूड सुकलं की निखळते. आपण तिच्या भोवतीने कोरतो. म्हणून तर बाबांच्या शेवटच्या माशाचा गाल तसा आहे. या माशातही तोच उंचवटा, त्याच जागी, आणि आत गाठच नाही! साफ लाकूड. नक्कल कोरणाऱ्या मशीनला काय कळतंय, पुढ्यात ठेवलं तसं कोरलं. बाबांचा मासा मी तुला दुकानात दर्शनी ठेवायला दिला होता, मशीनला नकलेसाठी नव्हे. लाज कशी वाटली नाही तुला?

आठ दिवसांत तो मासा परत पाठव आणि ही नकली पिलावळ दुकानातून उचल. नाहीतर मला बहीण नाही असं मी धरून चालेन. तुझी वहिनी म्हणते, पत्र थंड झाल्यावर टाका. मी गरमच टाकतोय. तुझ्या यजमानांना नमस्कार, त्या गरिबाचा यात काही दोष नसणार.

रागाखाली लोभ आहे, तो शोधून घेणे.
तुझा दादा


ता. ११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं, बोटं भाजली.

हो, दिला मशीनला. वर्ष झालं, तुझ्याकडून एक मासा आला नाही. कधी लाकूड वाळलं नाही, कधी सालीचा रंग उतरत नाही. दुकानाची फळी रिकामी आणि गिऱ्हाइकापुढे तोंड माझं. मी कोरले असते, पण खूण कुणाची घालू? आठव्या वर्षापासून मी खरखरीत पानांनी मासे घासले, साल उकळली, तेल चोळलं. पटाशी हातात घेतली की तू ती काढून घ्यायचास.

आता ऐक. सतरा वर्षं पोटात ठेवलंय. तो मासा बाबांचा नाही. माझा आहे. तू परगावी दारं-खिडक्या बसवायला दोन महिने गेला होतास तेव्हा बाबांची बोटं मिटत नव्हती. ते खाटेवरून सांगत गेले, मी कोरत गेले. गाठ लागली तेव्हा मी रडकुंडीला आले. त्यांनी शांतपणे सांगितलं की तिला वळसा घाल. शेवटी माझी मूठ धरून तीन छेद त्यांनीच घालून घेतले. तू परत आलास, मासा उचललास आणि बाबांच्या हाताचं कौतुक करत सुटलास. मला वाटलं, बाबा आता सांगतील. ते भिंतीकडे बघत राहिले. मग मीही गप्प बसले.

मी माझाच मासा मशीनला दिला. त्यासाठी तुझी परवानगी काढायची होती का?

वहिनीला नमस्कार, मुलांना गोड पापे. तुझ्या वाट्याचा लोभ तूच ठरव.
धाकटी


ता. १९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. चार पत्रं लिहून फाडली. एकात तुला खोटारडी म्हटलं होतं. हे पाचवं.

मशीनचा राग आहेच आणि तो जायचा नाही. हाताने इतकं नीट कोरता येत असताना तू ते लोखंडाच्या हवाली केलंस, याचा तर जास्तच आहे.

पण बाबा गप्प राहिले नव्हते. तू औषध आणायला गेलीस तेव्हा त्यांनी मला खाटेजवळ बसवलं. मासा धाकटीचा आहे आणि आजपासून खूण तुम्हा दोघांची, असं स्पष्ट सांगितलं. हे तुला समोर बसवून मीच सांगावं, अशी त्यांची इच्छा होती. मी मान डोलावली. आठ दिवसांत ते गेले आणि मी तो शब्द गिळून टाकला. तू कोरलेला तो गाल माझ्या कुठल्याही माशापेक्षा सरस उतरला होता. मला ते सोसलं नाही. बाबांचा म्हणून मिरवणं सोपं गेलं.

काल तुझ्या वहिनीला सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. शाळेतल्या बाईंनाही खरं सांगून आलो. खूण तुझी आहे, सतरा वर्षांपासूनची.

लोभ मागायला तोंड उरलेलं नाही.
तुझा दादा


ता. २४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. हे सवयीने लिहिलं गेलं, खोडत नाही.

मशीनवाल्याला नाही म्हणून सांगितलं, फळीवरचे मासेही उचलले. तुझ्यासाठी नव्हे, शेपट्या खरंच वाईट होत्या. खुणेचं म्हणशील तर मी कोरेन त्या माशांवर ती घालणारच, तू दिलीस म्हणून नाही.

बाबा गेले तेव्हा सगळे रडले, मी रडले नाही. तू मला चारचौघांत दगड म्हणाला होतास. बाबांनी माझं नाव घेतलं नाही, या रागात मी कोरडी राहिले होते, दादा. सतरा वर्षं त्यांच्यावर रागावून काढली. आज दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि आता कुठे रडले.

धाकटी