घोंगडी काढल्यावर

४ नोव्हेंबर

आले बाई एकदाची! मुकुंदवाडीहून कन्नडपर्यंत एस.टी., पुढं जीप, जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी, आणि शेवटचा अर्धा कोस पायी. गुडघ्यांनी पार बोंब मारली. पण जागा बघितली आणि शीण गेला. घाटाच्या अलीकडं मोकळा माळ, तारेचं कुंपण, आत बाभळी-बोरी आणि अकरा हरणं. कुणी विहिरीत पडलेलं, कुणी गाडीखाली आलेलं, कुणी कुत्र्यांनी फाडलेलं. बरी झाली की रानात सोडायची. पगार नाही, काम भरपूर. हे हरीणघर उभं केलं त्या आप्पासाहेबांनी फोनवर तीनदा विचारलं की एकटीला जमेल ना. मी म्हटलं, तेहेतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत साठ-साठ पोरं सांभाळली, ही तर मुकी आहेत.

माझ्या आधी इथं द्वारकाबाई होत्या. उन्हाळ्यात कुणाला न सांगता निघून गेल्या म्हणे. खोलीत त्यांच्या चपला तशाच आहेत. भिंतीवर फोटो आहे, मांडीवर पाडस, कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके. चपला सोडून कोण जातं? विसरभोळ्या असतील.

हजेरीपटाची सवय सुटत नाही, म्हणून रोज खाली सही करणार.

— मनकर्णा त्रिंबक काळवणे

६ नोव्हेंबर

राजाबाई पलीकडच्या मेंढरंवाल्यांच्या वस्तीवरची. रोज सकाळी शेळीचं दूध आणि पाला आणते, आणि पाला टाकताना बोट दाखवून मोठ्यानं मोजते. अकरा भरले की हुश्श करते. काम तिनंच शिकवलं.

पाडसांना माणसाची सवय लागू द्यायची नाही, लागली तर रानात जगणार नाहीत. म्हणून डोक्यावरून पायापर्यंत काळी घोंगडी घ्यायची, आत बाटली धरून बसायचं, तोंड दाखवायचं नाही, बोलायचं नाही. हे मला पटलं. पुढचं मात्र ऐकून हसूच आलं. घोंगडी काढली की ती डोंगराकडं तीनदा झटकायची आणि आपलं नाव मोठ्यानं सांगायचं. मी विचारलं, कुणाला सांगायचं? ती म्हणाली, आपलं आपल्यालाच, अंगाला याद राहाया पायजे. रानात मेंढरं राखणारी तिची माणसं पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात म्हणे.

आता सांगा, कुंपणापाशी उभं राहून मी माझंच नाव ओरडायचं, आणि पाडसांनी ते ऐकायचं? मग एवढं गप्प बसण्याला अर्थ काय राहिला? घोंगडी झटकते, नाव-बिव काही घेत नाही. राजाबाईला सांगितलं नाही. उगीच तिचं मन कशाला मोडा.

— मनकर्णा त्रिंबक काळवणे

९ नोव्हेंबर

कुत्र्यांनी मागचा पाय फाडलेलं एक बारकं पाडस आहे. आप्पासाहेबांचा दंडक आहे की नाव ठेवायचं नाही, म्हणून नुसतं बारकं. दुसऱ्या कुणाच्या हातून पीत नाही, माझ्या घोंगडीत मात्र सरळ घुसतं आणि बाटली रिकामी करून ढुशा देतं. अजून तीन आठवडे पाजायला लागेल, मग पाला खाईल. माझ्या हातून हे जगलं पाहिजे, बाकी मला काही नको.

एक म्हातारी हरिणी मात्र पिच्छा पुरवते. मी पाजायला बसले की येते, घोंगडीचं टोक दातात धरते आणि ओढते. दोनदा डोक्यावरून उघडी पाडली मला. राजाबाई सांगत होती की हिला कुणी आणली नाही, उन्हाळ्यात आपली आपणच कुंपणाच्या आत दिसली. राजाबाई तिला ‘बाई’ म्हणते. आणि मी जन्मभर बाई, तर मला म्हणते मॅडम!

— मनकर्णा काळवणे

१३ नोव्हेंबर

काय सांगू, गुडघे दुखायचे थांबले! पाण्याची कळशी घेऊन चढ चढले आणि धाप नाही. माळावरच्या हवेचा गुण, दुसरं काय.

भाकरी मात्र गोड लागत नाही. सकाळी पाला निवडताना बाभळीची शेंग कधी तोंडात गेली कळलं नाही. तुरट, पण बरी लागली.

— मनकर्णा काळवणे

१६ नोव्हेंबर

बाजाराला कन्नडला गेले होते. भरदुपारी, माणसांनी फुललेल्या रस्त्यात, चार कुत्री सगळ्यांना सोडून माझ्याच मागं लागली. मी पळाले. पळाले म्हणजे कशी, तर कमरेएवढं काटेरी कुंपण एका उडीत ओलांडलं. पातळ नेसलेली एकोणसाठ वर्षांची बाई! लोक हसायचे सोडून बघतच राहिले. एक म्हातारी तर हात जोडून मागं सरली.

भाजी तिथंच पडली. मला आधी खूप हसू आलं, मग ते थांबलं. अजूनही लांब कुठं कुत्रं भुंकलं की कान आपोआप तिकडं —

छे. दमलेय नुसती.

— म. काळवणे

१८ नोव्हेंबर

त्या म्हाताऱ्या हरिणीनं आज कहर केला. बारकं पीत असताना घोंगडी अशी ओढली की बाटली फुटली. मला राग आवरेना. दावं आणून खुंट्याला बांधून टाकलं तिला. नुसती बघत राहिली.

— म. काळवणे

१९ नोव्हेंबर

सकाळी राजाबाईनं ते दावं बघितलं आणि हंबरडाच फोडला. सोडलं, त्या जनावराच्या गळ्यात पडून रडली. मग मला विचारलं की घोंगडी काढल्यावर नाव सांगता ना? एक दिवस तरी सांगितलं का? मी नाही म्हणाले. ती मटकन खालीच बसली. म्हणाली, ती आधीची बाईबी तुमच्यावानीच हसली होती.

मी हरिणीजवळ गेले. पहिल्यांदाच नीट बघितलं. दोन डोळ्यांच्या मधे, केसांखाली, तीन ठिपके.

राजाबाई म्हणत होती, आत्ताच्या आत्ता सांगा, मोठ्यानं सांगा. मी तोंड उघडलं. आलंच नाही. जिभेवर येतंय असंही वाटलं नाही. खोलीत येऊन ही वही उघडली, पहिल्या पानावर वाचलं. मनकर्णा त्रिंबक काळवणे. वर्गातल्या कुठल्या तरी मुलीचं असावं तसं वाटलं.

राजाबाई म्हणते, दुपारच्या जीपनं जा, इथलं काही अंगावर ठेवू नका. जाते. पिशवी भरली आहे.

— म.

२० नोव्हेंबर

गेले नाही.

बारक्यानं कालपासून दुधाला तोंड लावलेलं नाही. राजाबाईनं घोंगडी घेऊन पाजून बघितलं, आप्पासाहेबांनी सांगितलं तसं बोळ्यानं बघितलं. मान टाकलीय त्यानं. मी गेले तर उद्यापर्यंत मरेल.

एकदाच. शेवटचं. पाजायचं, घोंगडी काढायची, वहीत बघून नाव मोठ्यानं वाचायचं. राजाबाई समोर उभी राहील. एवढंच तर आहे —

२१ नोव्हेंबर

प्यालं. पोटभर प्यालं.

घोंगडी निघत नाही. गाठ नाही, गुंडी नाही, तरी निघत नाही. राजाबाईनं ओढली तर कातडी ओढल्यासारखी कळ आली. तिनं सोडून दिली. वही समोर धरली माझ्या. अक्षरं दिसत होती. वाचायला गेले तर घशातून नुसती शिंक निघाली, कोरडी.

तिला वाचता येत नाही. माझ्या वतीनं सांगणार कोण —

२२ नोव्हेंबर

बोटं दोन-दोन चिकटतात. पेन्सिल दातात —

बारकं उभं राहिलं. पाला खाल्ला त्यानं. माझ्या शेजारी उभं राहून. जगलं ते.

बाई रात्रभर अंगाला अंग लावून होत्या —

राजाबाई आली. पाला टाकला. मोजतेय. नऊ. दहा. अकरा. बोट माझ्याकडं. बारा म्हणाली आणि पदर तोंडात —

घोंगडी रात्रीत आपणच गळून खाली पडली होती. तिनं उचलली, उन्हात टाकली. आप्पासाहेबांचा फोन होता. सोमवारी चिकलठाण्याहून नवीन मुलगी येणार. राजाबाई सांगेल तिला. ती हसेल.

मी ओढीन. टोक धरून ओढीन. मला बांधलं तरी मी ओढ —