बरणीवरची चौथी ओळ

३ मार्च, मंगळवार

एकवीस दिवस वही उघडली नाही. अगदीच नाही असं नाही. परवा उघडली, त्यात पेन्सिलीने एक मधमाशी काढली आणि मिटली. रोज ठरवते, जेवल्यावर लिहू. जेवल्यावर काहीतरी निघतंच – कुत्र्याच्या कानातली गोचीड, काकांचा बिघडलेला रेडिओ. आज मात्र लिहिते. एक गोष्ट आहे आणि ती कुणाला सांगायची सोय नाही.

मागच्या पानावर मी बसमध्ये होते. आता एका बेरीच्या मळ्यात आहे. पुढे स्ट्रॉबेरीचे वाफे, मागे तुतीची झाडं, त्यांच्या सावलीत मधाच्या तेवीस पेट्या. राबणारी घरचीच तीन माणसं – काका, काकू आणि त्यांची मुलगी, जिला मी ताई म्हणते. बेरी तोडायला चार दिवस म्हणून थांबले होते. ताईने नाव ठेवलं भिंगरी. पायाला आहे म्हणून. पण इथे ती फिरायची थांबली, हे माझं मलाच नवल.

तर ती गोष्ट. मधाच्या बरण्यांची छापील लेबलं संपली. छापखानेवाला ‘उद्या देतो’ म्हणतो आणि त्याचा उद्या काही उगवत नाही. ताई म्हणाली, “तुझं अक्षर चांगलंय, तूच लिही.” शाळेने मला दिलं ते हे एवढंच. चाळीस लेबलं लिहायला बसले. नमुन्यावर चार ओळी होत्या. मळ्याचा मध. वजन. कधी काढला. आणि चौथी – बारा महिन्यांच्या आतल्या बाळाला देऊ नये.

पहिल्या लेबलावर कोपऱ्यात मी माशी काढली. इतकी झकास उतरली की चौथ्या ओळीला जागाच उरली नाही. म्हटलं, कोण वाचतंय! उरलेल्या एकोणचाळीसवर माशी ठेवली, ओळ गाळली.

आज काकूंनी एक बरणी हातात घेतली. पुढून बघितली, मागून बघितली.

“माशी छान आहे,” म्हणाल्या. “ओळ कुठे आहे?”

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. मधात कधीकधी एक जंतू असतो. मोठ्या माणसाला तो काही करत नाही, पचून जातो. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र घर करतो. बाळ लुळं पडतं. कधी श्वासापर्यंत जातं. दरवेळी होतं असं नाही, फार क्वचित होतं. “पण ज्याच्या घरी होतं त्याला क्वचित म्हणून चालत नाही,” म्हणाल्या.

चाळीसपैकी बारा बरण्या गेटवरच्या टेबलावरून गेलेल्या आहेत.

आणि मी एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. बारातली एक मी माझ्या हाताने दिली. बाईच्या कडेवर बाळ होतं.

४ मार्च, बुधवार

सकाळपासून तिघं ओसरीवर बसून आठवतायत, कुणी नेली, कुणी नेली. बहुतेक नेहमीची गिऱ्हाइकं. ताई एकेकाला फोन लावते. एक निवृत्त मास्तर आहेत, कानाने कमी. त्यांना ती तीनदा सांगत होती, “सर, वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका!” ते म्हणाले, “मी बहात्तर वर्षांचा आहे. मला चालेल का?” ताई हसून हसून पडली. काकूसुद्धा. मी पण हसले.

दुपारपर्यंत अकरा बरण्यांचा पत्ता लागला. अकरा घरांत एकही तान्हं नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तर बरणी आणूनच दिली – “मला नवं लेबल नको, माशी हवी, ओळ तेवढी खाली लिहून दे.” बाई मोठ्या हुशार. माशीच्या पंखाखाली भरपूर जागा होती म्हणे. मला दिसली नव्हती.

“बारावी?” काका विचारत होते. “बारावी कुणी नेली?”

मी कुत्र्याला अंघोळ घालायला निघून गेले. कुत्रा स्वच्छ होता.

५ मार्च, गुरुवार

आज पळून गेले होते. खरं तेच लिहायचं तर तसंच लिहायला हवं.

सातला पिशवी भरली, आठच्या बससाठी थांब्यावर जाऊन बसले. माझं आजवरचं सगळं असंच. हॉटेलात कपबश्या फुटल्या – बस. घरमालकीण ओरडली – बस. बस आली, दार उघडलं. पायरीवर एक बाई उतरत होती, खांद्यावर झोपलेलं पोर. ती नव्हती. पोरही चांगलं दोन वर्षांचं. तरी माझे पाय थांबले ते थांबलेच. वाहक म्हणाला, “येताय का मुहूर्त बघताय?” बस गेली.

काकू वाफ्यात होत्या. मी पिशवीसकट समोर उभी राहिले. त्यांनी पिशवी बघितली, मला बघितलं.

“टोपली घे,” म्हणाल्या. “तोडता तोडता सांग. आणि काही गाळू नकोस.”

सांगितलं. शनिवारी अकराच्या सुमाराला ती बसने आली. पोपटी ओढणी. बाळाला पिवळी टोपी, मान अजून नीट धरत नव्हतं, ती हाताने सावरत होती. मी तेव्हा पाववाल्याला माझी ती बोकडाची गोष्ट सांगत होते, ज्याने माझं तिकीट खाल्लं, आणि गोष्ट ऐन रंगात. ती म्हणाली, “खोकल्याला चालतो का हा?” मी बाळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, “एक नंबर!” कुणाच्या खोकल्याला, विचारलं नाही. बरणी दिली आणि पुन्हा बोकडाकडे वळले.

“आणखी काही बोलली?”

“मागची तुतीची झाडं कुठून दिसतात, विचारलं. गेटातून आत नाही आली. बराच वेळ घराकडे बघत होती. मला वाटलं, बसची वाट बघतेय.”

काकूंनी अशी बाई ओळखीची नाही म्हणून मान हलवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. टोपली भरल्यावर एवढंच म्हणाल्या, “आता शोधायची.”

६ मार्च, शुक्रवार

घरात आज पहिल्यांदा आवाज चढले.

काकूंचं म्हणणं, कागद लिहून सगळीकडे चिकटवायचे. बसथांबा, दवाखाना, औषधाचं दुकान. कागदावर मळ्याचं नाव, फोन नंबर, सगळं. काकांनी ताट बाजूला सारलं.

“नाव घालून? उद्या लोक म्हणतील यांच्या मधात विष निघालं. कोण ‘बारा महिन्यांच्या आत’ एवढं वाचत बसतंय? केकवाला बेरी उचलायचा थांबेल. वीस वर्षं घातली आहेत या नावात.”

“आणि ते बाळ?” काकू.

“मी नाही म्हणतोय का? पण धोंडा आपल्याच हाताने आपल्याच पायावर...” मग माझ्याकडे बघून, “थोरला इथे असता तर असल्या पोरीच्या हातात लेबलं गेलीच नसती.”

काकू उठून आत गेल्या. थोरला कोण, हे मला इतक्या दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं.

शेडमध्ये बेरी निवडताना ताईने सांगितलं. तिचा मोठा भाऊ. पेट्या सगळ्या त्यानेच वाढवल्या, दोनाच्या तेवीस. चार वर्षांपूर्वी लग्न ठरवलं, स्वतःच. बाबा म्हणाले, तिच्याशी करणार असशील तर या गेटातून आत यायचं नाही. “दादाला भांडताच येत नाही गं. नुसता निघून जातो. आणि बाबांना चुकलं म्हणता येत नाही. जन्मात म्हणाले नाहीत. एकदा माझ्या पायावर शिडी पडली त्यांच्या हातून, तर मलाच विचारतात, तू तिथे का उभी होतीस?”

निघून जाणाऱ्यांबद्दल मी काय बोलणार. खराब बेऱ्या वेगळ्या काढत राहिले. चांगल्याही चार गेल्या त्यात.

संध्याकाळी काका शेडच्या दारात आले. हातात कोऱ्या कागदांचा गठ्ठा.

“लिही,” म्हणाले. “माझ्यासमोर लिही.”

मी लिहू लागले – लेबल लिहिणाऱ्या मुलीच्या चुकीमुळे –

“ते खोड. बरणी मळ्याची, चूक मळ्याची. लिही, चूक आमची आहे. आणि माशीबिशी काढायची नाही.”

ताईचा हात बेरीवर होता तिथेच राहिला. तीस कागद लिहिले. एकही ओळ गाळली नाही, प्रत्येक कागद दोनदा वाचला.

७ मार्च, शनिवार

पाय तुटले. तीसच्या तीस लागले. बसथांब्यावर दोन, पुढच्या तीन गावांच्या थांब्यांवर एकेक, वाचनालय, पिठाची गिरणी, न्हाव्याचं दुकान. न्हाव्याने कागद आरशावरच लावला. म्हणाला, “इथे माणूस अर्धा तास हलू शकत नाही, वाचेलच.”

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सगळं विचारून घेतलं. मी विचारलं, बाळाला काय होतं, कसं कळतं? त्यांनी सांगितलं – शी होत नाही, दूध ओढत नाही, मान टाकतं, रडण्याचा आवाज बारीक होत जातो. लगेच होईल असं नाही. दोन आठवड्यांनीसुद्धा होऊ शकतं, महिन्यानेही.

महिन्याने! मला वाटलं होतं, आठवडा गेला की सुटलो.

त्यांच्याकडे असं बाळ आलेलं नाही म्हणाल्या. पण लोक चार ठिकाणी जातात.

परत येताना रस्त्यात एक म्हातारे म्हणाले, “मळ्यावर मध खाऊन पोर गेलं म्हणे?” मी म्हटलं, नाही हो, कुणी गेलं नाही. ते म्हणाले, “जाईल तर मग.” असं बोलतात का? तेव्हापासून तेच वाक्य डोक्यात घोंघावतंय.

८ मार्च, रविवार

केकवाल्याचा निरोप आला, आठवडाभर बेरी नको. काका ‘बरं’ म्हणाले. फोन ठेवला आणि फोनकडे बघत बसले.

काकू म्हणाल्या, जॅम करू. दिवसभर चुलीपाशी होतो.

९ मार्च, सोमवार

फोन चार वेळा वाजला. एकाला मध स्वस्तात हवा होता, आता कोण घेणार म्हणून. एकाला नुसतंच बोलायचं होतं. एका आजीबाईंनी पाऊण तास सांगितलं की आमच्या वेळी सगळ्या पोरांना मध चाटवायचे. ताई म्हणाली, “आणि ती सगळी जगली का आजी?” आजी म्हणाल्या, “एक नाही जगलं. पण ते कशाने, कुणी विचारलं नव्हतं.”

ताईने तो फोन फार हळू ठेवला.

काका आज गेटवर खुर्ची टाकून बसले. टेबलावर एकही बरणी नाही, तरी बसले. चहा द्यायला गेले तर म्हणाले, “केवढं होतं गं ते?”

मी दोन्ही हातांनी दाखवलं. एवढं.

ते माझ्या हातांमधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. “एवढंसंच,” म्हणाले. चहा निवून गेला.

१० मार्च, मंगळवार

आजही नाही. पिशवी अजून भरलेलीच आहे. रिकामी करावी म्हणून उघडली, पण हात चालेना. तशीच खाटेखाली सारली.

११ मार्च, बुधवार

शेडमध्ये बसून लिहितेय. घाईत, अक्षर बघ कसं आलंय.

दहाच्या बसने एक माणूस उतरला. एका हाताने बाळ छातीशी धरलेलं. पिवळी टोपी. बाळ गळा काढून रडत होतं, अख्ख्या मळ्याला ऐकू जाईल असं. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही. मी धावले, गेटच्या अलीकडूनच विचारलं, “दिला का? मध दिला का त्याला?”

“बायकोने स्वतःच्या खोकल्याला नेला होता,” तो म्हणाला. “मला न सांगता आली होती इथे. बाळाला नाही दिला. बारा महिन्यांच्या आत देत नाहीत, ते मला लेबलावर वाचावं लागत नाही. मी इथल्याच मधावर वाढलोय.”

मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझ्या अक्षरातला.

“यातलं ‘चूक आमची आहे’ हे कुणी लिहिलं?”

“लिहिलं मी. सांगितलं काकांनी.”

त्याने तो पुन्हा वाचला. बाळ ओरडतच होतं. गेट बंद होतं आणि तो ते ढकलत नव्हता.

वाफ्यातून ताईचा आवाज आला, “दादा?” माझ्या मागे काकांची खुर्ची सरकली. हे घरातलं आहे, आपण बघायचं नाही, म्हणून मी इकडे पळाले.

आत्ता गेटची कडी काढल्याचा आवाज झाला.