काचेच्या कपाटातले पट्टे

दि. ४ जून

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे राग उतरेपर्यंत हातचे राखले आहेत.

फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून हे कागदावर. काल जाता जाता तुझ्या अग्निशमन केंद्रात डोकावले. तू नव्हतास. दोन महिन्यांपूर्वी मी तुझ्या माणसांना तीन दिवस राबवलं, संकटात सापडलेली मोठी जनावरं कशी सोडवायची ते शिकवलं आणि जाताना रुंद पट्ट्यांचा एक संच ठेवून गेले. तो संच तुझ्या खुर्चीमागच्या काचेच्या कपाटात, इस्त्री केल्यासारखा घडी घालून. वर पाटी, ‘हात लावू नये’. कपाटाला कुलूप आणि किल्ली तुझ्या कमरेला. पट्ट्यांवरचं लेबलसुद्धा अजून निघालेलं नाही.

मला आईच्या चांगल्या कपबशा आठवल्या. पाहुण्यांसाठी म्हणून जपल्या आणि पाहुणे आले की फुटतील म्हणून पुन्हा जपल्या. ती गेली, कपबशा आहेत तिथेच आहेत. पण कपबशीवाचून कुणाचा जीव गेला नाही. इथे जाईल.

तू स्वतः प्रशिक्षणाला फिरकला नाहीस, म्हणून परत सांगते. गाळात रुतलेल्या जनावराच्या गळ्याला, पायाला, शेपटीला दोर बांधायचा नाही. खालून गाळ धरून ठेवतो, वरून आपण ओढतो, आणि मधल्या मध्ये मान जाते. आधी नळीने पाणी सोडून गाळ सैल करायचा. रुंद पट्टा पुढच्या पायांमागून छातीखालून घ्यायचा. एकाने डोक्याशी बसून त्याचे डोळे झाकायचे. आणि घाई करायची नाही. बाबांनाही बोलावलं होतं. ते दारातूनच सरावासाठी आणलेल्या माझ्या भुसा भरलेल्या घोड्याला हसले. चाळीस वर्षं घोडागाडी हाकणाऱ्याला आता पोरगी घोडा शिकवणार, असं म्हणून घरी गेले.

कपाट उघड आणि पट्टे गाडीत टाक. बाबांच्या घोडीला मी विचारलंय म्हणून सांग. लोभ आहेच, सध्या तो ओरडतोय एवढंच.

तुझी ताई

दि. ११ जून

ती. ताईस,

शि. सा. नमस्कार. तुझं पत्र उभ्याउभ्या वाचलं. बसलो असतो तर फाडलं असतं.

ती पाटी काढून तू माझ्या माणसांसमोर टेबलावर आपटलीस, हे मात्र लिहिलं नाहीस. ते आमच्या चालकाने सांगितलं. आता सगळे मला ‘हात लावू नये’ म्हणतात. पाठीमागेच म्हणतात, पण मला ऐकू येईल असं.

वरचे साहेब तपासणीला आले की पहिला प्रश्न, सामान कुठे आहे. गाडीत टाकलेला पट्टा आठवड्याभरात कुणाच्या तरी छपराला बांधलेला सापडतो, आणि जाब मला द्यावा लागतो, तुला नाही. तू तीन दिवस येतेस, शहाणपण वाटतेस आणि जातेस. आगी मी विझवतो. मी केंद्रापासून पाच मिनिटांवर राहतो, किल्ली माझ्याजवळ असते, तेवढं पुरे आहे.

आईच्या कपबशा मध्ये आणू नकोस. बाबा बरे आहेत, घोडी त्यांच्याहून बरी आहे. रुसलेला असलो तरी

तुझाच, धाकटा

दि. २ जुलै

ती. ताईस,

नमस्कार. बाबांची घोडी गेली.

परवा दुपारी तळ्याकाठी चरत होती. तळ्यातून उपसलेला गाळ काठावर टाकला होता. वरून वाळलेला दिसत होता. ती त्यावर गेली आणि पोटापर्यंत रुतली. मी पलीकडच्या गावी एका गोदामाच्या तपासणीला गेलो होतो, किल्ली माझ्या कमरेला. माणसं पट्ट्यांशिवाय निघाली. मी मागून थेट तळ्यावर पोचलो आणि दोर गळ्याला बांधायला लावला. ती बाहेर आली, उभीसुद्धा राहिली. संध्याकाळी श्वास कोंडून गेली.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. तुला काय लिहायचं ते लिही.

धाकटा

दि. ६ जुलै

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही.

अडाण्याने केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. तुला मी लिहून दिलं होतं. ती जन्मली तेव्हा तिचं ओलं अंग पुसायला तू बसला होतास आणि गळफासही तूच घातलास. पुढच्या महिन्यातल्या प्रशिक्षणाला माणसं पाठव. तू येऊ नकोस. समोर आलास तर माझ्या तोंडून काय निघेल ते मलाच सांगता येत नाही.

दोर कुणी बांधायला लावला ते मी वरच्या साहेबांना कळवणार आहे. तुझी खुर्ची राहते की जाते ते त्यांनी बघावं. बहीण म्हणून अडवणार नाही.

ताई

दि. १० जुलै

चि. थोरलीस,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर वाईट आणि राग त्याहून वाईट. दोन्ही सांभाळून घे.

धाकट्याला आलेलं तुझं पत्र मी चोरून वाचलं. साहेबांना काही कळवू नकोस. दोर मी बांधला.

तो धावतच आला. आल्या आल्या किल्ली चालकाकडे फेकली आणि पट्टे आणायला पिटाळलं. गाळावर पाणी सोडायला लावलं. तुझं पत्र त्याला शब्द न् शब्द पाठ होतं. म्हणाला, बाबा, दहा मिनिटं थांबा. घोडी माझ्याकडे बघत होती. मी त्याच्या माणसांदेखत म्हणालो की तुम्ही दोघं भुशाच्या घोड्यावर शिकलात, मी जिवंत घोड्यांवर शिकलोय. मग दोर तिच्या गळ्यात टाकला. त्याने माझा हात धरला, तर मी त्याच्या कानाखाली वाजवली. साहेबाचा बाप ओढा म्हणतोय म्हटल्यावर माणसांनी ओढलं. ती बाहेर आली तेव्हा पट्टे काठावर येऊन पोचले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, बहिणीला खरं काय ते लिही. तर म्हणतो, ताईला तुमच्यावर रागावता येत नाही, माझ्यावर येतं. हे ऐकून माझं डोकं असं फिरलं की मी अबोला धरला. माझ्या पापावर पांघरूण घालायला मी काय तान्हं मूल आहे?

कुलूप घातलं हा त्याचा गुन्हा. त्याबद्दल त्याला हवं ते बोल, मी मध्ये पडणार नाही. कपाटाचं दार त्याने स्वतःच काढून टाकलंय, पट्टे गाडीत आहेत, आणि रोज सकाळी माणसांकडून चिखलात सराव करून घेतो. पण गळ्यातला दोर माझ्या नावावर मांड.

पुढच्या महिन्यात तो येईल आणि मीही येईन. चुकीचा दोर कोण बांधतो ते दाखवायला तुझ्याकडे माणूस नाही, नुसता भुशाचा घोडा आहे. मला सगळ्यांसमोर उभं कर आणि मी काय केलं ते माझ्याच तोंडून वदवून घे.

शेवटी लोभ मागायची रीत आहे. तो मी आज मागत नाही. त्या दिवशी माझ्यावर रागाव. धाकट्यावर रागावतेस तसा, सगळा.

तुझे बाबा