एक्केचाळीस नंबरचा कळप

३ जून, सकाळी ७
आजपासून रोज लिहिणार. शिस्त म्हणजे शिस्त.

नवी शेळी ताब्यात मिळाली. नंबर एक्केचाळीस, गळ्यात रेडिओचा पट्टा. आम्ही हिला फितूर शेळी म्हणतो. शेळीला एकटं राहवत नाही, त्यामुळे सोडली की ती कुठून तरी कळप हुडकून काढते. मी अँटेना घेऊन मागावर. कळप सापडला की हेलिकॉप्टरला कळवायचं. ते सगळ्यांना मारतात, हिला तेवढं सोडतात. मग ही पुन्हा नवा कळप शोधायला निघते.

वाल्देमारसाहेबांनी बजावलं, नाव ठेवायचं नाही, खायला घालायचं नाही. मला हे सांगायची गरज नव्हती. शेळ्यांनी हे बेट खरवडून खाल्लंय आणि दीड-दीडशे वर्षांची कासवं उपाशी मरताहेत. माझा हिशेब सरळ आहे. झोप उत्तम लागते.

११ जून
पहिला कळप. चौदा. नऊ मिनिटांत काम खलास. साहेब म्हणाले, झकास.

एक्केचाळीस मधोमध उभी होती, हलली नाही. हेलिकॉप्टर गेल्यावर माझ्याकडे आली आणि माझ्या गुडघ्याला तोंड लावून थरथरत राहिली. पाऊस भुरभुरत होता, थंडी वाजली असणार. अर्धं केळं तिच्यापुढे टाकलं. याला खायला घालणं म्हणत नाहीत. माझं पोट भरलं होतं.

१९ जून, रविवार, गावी
सोळा दिवसांनी बोटीने घरी आलो. मेहुणीच्या बाळाचा बाप्तिस्मा. जेवायला शेळीचा रस्सा आणि भात. माझा सगळ्यात आवडता पदार्थ. दोन घास खाल्ले. आज लिंबू जास्त झालं होतं. बाकी कुणाला ते जाणवलं नाही, पण माझी जीभ पहिल्यापासून तयार आहे.

सासूबाई रेमिहिया ऐंशीच्या पुढच्या. विचारलं, एवढं मटण तिथे सडतंय, जावयाला एक तंगडी आणता येत नाही का? नियम समजावून सांगितला. मग त्या बोलत बसल्या. त्यांचे वडील मासेमारीला जायचे. जाता-जाता बेटावर शेळ्या सोडायची तेव्हा सगळ्याच कोळ्यांची पद्धत होती, म्हणजे पुढच्या खेपेला जेवणाची सोय. ह्या बेटावर त्यांनी तीन सोडल्या होत्या. दोन पांढऱ्या, एक तांबडी.

"आमच्या माणसांनी आणून सोडल्या, तुम्ही मारताय," त्या म्हणाल्या. "त्यांना बिचाऱ्यांना कुणी कधी विचारलं, की बायांनो, कुठे राहता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे चोख उत्तर होतं. दुसऱ्या दिवशी परतताना बोटीत सुचलं.

२ जुलै
काल बावीस, आज बारा. कासवांसाठी फार चांगला आठवडा.

दुपारी धुक्यात करडू ओरडलं. गेलो. काही नव्हतं. वारा असणार.

५ जुलै
पुन्हा करडू. तीनदा गेलो. कामाचा भाग म्हणून जावंच लागतं.

९ जुलै
कानात मळ साचला असणार. आज कापूस घातला. कापूस घातल्यावर जास्त स्पष्ट ऐकू येतं. डॉक्टरला दाखवायचं.

८ ऑगस्ट
महिना झाला, एकही कळप नाही. एक्केचाळीस अख्खं बेट पालथं घालतेय. एका दिवसात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, कड्यावर उभी राहून हाका मारते आणि उत्तराची वाट बघते. तिचा आवाज मात्र खरा आहे. मी कापूस काढून खात्री केली.

साहेब खुशीत आहेत. बेट जवळजवळ मोकळं झालं. मी सहज विचारलं, मग एक्केचाळीसचं काय? ते म्हणाले, अरे, शेवटची शेळी तीच नाही का? तीही जाणार. मी म्हटलं, अर्थातच. मला ते ठाऊकच होतं. सासूबाईंच्या परसात मी गोठ्याची जागा मोजून ठेवली होती, ती कोंबड्यांना कामी येईल.

१० ऑगस्ट
साहेबांना सांगितलं, हे काम मीच करणार. जबाबदारीची गोष्ट आहे, परक्याने करू नये. त्यांनी बंदूक दिली, आठवड्याची मुदत दिली. एवढं कशाला लागतंय?

११ ऑगस्ट
धुकं.

१२ ऑगस्ट
ऊन थेट डोळ्यांवर.

१३ ऑगस्ट
चरत होती. खाताना कुणाला मारू नये.

१४ ऑगस्ट
रविवार.

१७ ऑगस्ट
आता ती हिंडत नाही. माझ्या तंबूपाशीच असते. मी चहा घेतो, ती पाठीला पाठ लावून बसते. मी तिला रुफिना म्हणतो असं काही नाही. एकदा-दोनदा तोंडातून गेलं.

करडाचा आवाज तीन दिवसांत आला नाही. हवा बदलली असेल.

१९ ऑगस्ट, दुपारी १
वायरलेसवर साहेब. आवाजात आनंद मावत नव्हता. पट्ट्याचा सिग्नल सांगतोय, एक्केचाळीस सहा दिवस एका जागी थांबलीय, तिला कळप सापडला, आम्ही निघालो, तू हलू नकोस, म्हणाले.

त्यांना सांगायला हवं होतं की ती जागा म्हणजे माझा तंबू आहे. मी म्हटलं, बरं.

१९ ऑगस्ट, दुपारी ४
लिहून काढलं की बरं वाटेल.

हेलिकॉप्टर डोक्यावर आलं. त्यांना कळप दिसला. एक शेळी आणि मी. कर्ण्यावरून ओरडले, बाजूला हो. मी दहा पावलं गेलो, ती दहा पावलं आली. मी पळालो, ती पळाली. हेलिकॉप्टर आलं की काय होतं हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही, म्हणूनच ती मला सोडेना. घासून उभी राहिली. तिचं काळीज माझ्या मांडीला धडधडताना कळत होतं. मी चिकटून असेपर्यंत त्यांना गोळी चालवता येत नव्हती. हे मला समजत होतं. तिला समजत होतं का, माहीत नाही.

मग वायरलेसवर साहेब, अगदी हळू आवाजात. "एलिसेओ, खाली बस. डोकं खाली घाल. तिच्याकडे बघू नकोस."

मी उभा राहू शकलो असतो. पेट्रोल संपत आलं की त्यांना परतावंच लागलं असतं.

मी बसलो. ती बसली नाही.

२० ऑगस्ट
कासवांना आता गवत भरपूर.

२६ ऑगस्ट, गावी
कार्यालयात समारंभ झाला. बेट मोकळं झाल्याचं प्रमाणपत्र, केक, फोटो. मला पहिल्या रांगेत उभं केलं. साहेबांनी भाषणात माझं कौतुक केलं. म्हणाले, एवढ्या वर्षांत असा माणूस पाहिला नाही, शेळ्या आपणहून याच्या मागे येतात. पुढच्या बेटावर शेळीला पट्टा बांधायची गरजच नाही, एलिसेओला बांधू आणि सोडून देऊ.

सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या बेटावरच्या कामाचा अर्ज तिथेच भरून दिला.