अकरा जणांचं एक उत्तर

मिलवॉकी, १२ नोव्हेंबर

प्रिय डॅडी,

मी बरी आहे, नोकरीही अजून आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो?

आमच्या उमेदवार बाई निवडणूक हरल्या, कळलंच असेल. मतांचा अंदाज माझाच चुकला. मत कुणाला, हे विचारणारा आमचा फोन तुमच्या भागातले म्हातारे उचलतच नाहीत. एकानेच उचलला, म्हणून त्याचं उत्तर आम्ही त्याच्यासारख्या अकरा जणांचं धरलं. "तिकडची काळजी सोडा," असं मीच बाईंना सांगितलं. त्या तिकडे फिरकल्याच नाहीत.

काल त्या एका फोनचं रेकॉर्डिंग ऐकलं. "लिही गं पोरी, माझं मत बाईंनाच. माझी लेक त्यांच्याकडेच आहे!"

डॅडी, लेकीसाठी खोटं बोललात. मत मात्र बाईंना नाहीच दिलंत ना?

आवाज कुणाचा, ते इथे कुणाला सांगितलेलं नाही.

तुमचीच,
लोर्ना