सात नंबरची वॉकी

३ नोव्हेंबर
परंड्याहून येडशीला आले एकदाची! सीताफळाचा गर गोठवून ठेवणाऱ्या कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी. काम बॅटऱ्या सांभाळायचं, माल उचलणाऱ्या गाडीच्या आणि कामगारांच्या वॉकीटॉकींच्या. आईला वाटतंय, पोरगी मोठी इंजिनियर झाली. वाटू दे. आत उणे वीस, पेनची शाई गोठते म्हणून शिसपेन्सिल घेतली. म्हातारे सुपरवायझर हणमंतप्पा यांनी मला सात नंबरची वॉकी दिली.

५ नोव्हेंबर
आत वीस मिनिटांत वॉकी बंद. मी म्हटलं, मेली. हणमंतप्पा म्हणाले, मेली न्हाय ती, गारठलीय, छातीशी धर. खरंच आहे. लिथियम बॅटरीतलं द्रावण थंडीत तुपासारखं दाट होतं. वीज आत असते, पण तिला वाहता येत नाही. स्वेटरच्या आत धरली, दहा मिनिटांत सुरू! गार असताना चार्जिंगला मात्र लावायची नाही, कायमची बिघडते. इथं सगळेच वॉकी छातीशी धरून आत जातात.

९ नोव्हेंबर
काल सात नंबर आतच विसरले. आज फळीवरून उचलली तर सुरू होती. आणि कोमट.
हणमंतप्पांनी मान खाली घालून सांगितलं, ती शिवपुत्रची, इथल्याच एका कामगाराची. गेल्या हंगामात दाराची कडी अडकून तो आत राहिला, वॉकी गारठून बंद. सापडला तेव्हा ती त्याच्या उघड्या छातीला लावलेली होती. मला भीती वाटली. मग जेवले.

१४ नोव्हेंबर
चहा गरम लागत नाही. बोट भाजलं, कळलं नाही. वॉकी बदलून मागितली. हणमंतप्पा म्हणाले, कालच दिली की बाई, तीन नंबर. खिशात सातच होती.

१७ नोव्हेंबर
दवाखान्यात नर्सनं तीनदा थर्मामीटर बदलला. पारा वर चढेचना. घाबरायला हवं होतं. नाही घाबरले.

१८ नोव्हेंबर, दुपार
आत आहे. कडी अडकलीय.
वॉकी सुरू. चांगली गरम. बटण दाबून हाक मारली, सोडलं — कुणीतरी म्हणालं, लई ऊब हाय तुझ्यात. हणमंतप्पा नव्हते —
छातीपासून काढता येत नाही. हात ऐकत —
थंडी वाजायची थांबली.
हणमंतप्पा, दार उघडाल तेव्हा मेली म्हणू नका. मेले नाही मी. गारठलेय. छातीशी ध—