लिहिणारीनं गायचं नाही

सिस्टर, तुमच्या गिटारला परवा पुन्हा नव्या तारा लावल्या. उद्या ती बीदरच्या स्टेजवर जाणार आहे. हैदराबाद, पुणे, बंगळूर फिरून झालं, घरच्या गावात मात्र पहिल्यांदाच. माझी लेक आणि शेजारची पोरगी, दोघींचा बँड आहे. रॉक म्हणतात त्याला. तुम्ही कानांवर हात ठेवले असते, पण पाय हलल्याशिवाय राहिला नसता. गाणी त्यांचीच असतात. लेक मराठीत लिहिते, शेजारची कन्नडमध्ये. आणि जिनं लिहिलं तिनं गायचं नाही, दुसरीनं गायचं, असा त्यांचा नियम आहे. मुलाखतीत कुणी विचारलं की सांगतात, हे आमच्या घरचं आहे. घरचं कसलं, ते तुमचं आहे.

नववीत तुमच्या वर्गात असताना मी शाळेच्या वार्षिक समारंभासाठी गाणं लिहिलं होतं. तुम्ही वाचलंत, चाल लावलीत आणि गायला उभी केलीत दुसरीच मुलगी, जिला मराठी धड बोलताही येत नव्हतं. मी चॅपलमागच्या पायऱ्यांवर रडत बसले, तर तुम्ही हातातला खडूही न ठेवता आलात. "लिहिली ना तू? मग आता ऐक. तू गायली तर तुला काय ऐकू येणार?" तुमच्या त्या मल्याळी वळणाच्या मराठीत प्रेमाचं बोलणंसुद्धा दटावल्यासारखं वाटायचं. समारंभाच्या दिवशी मी पडद्याआड उभी आहे, ती मुलगी गाते आहे, आणि दुसऱ्या ओळीत मधेच क्षणभर थांबते. तिथं थांबायचं असतं हे मला, लिहिणारीला, ठाऊकच नव्हतं. शाळा सुटली त्या वर्षी तुमची बदली झाली. जाताना ही गिटार माझ्या हातात देऊन म्हणालात, "तुला वाजवायला आली की परत आणून दे." पुढं वर्षभरातच तुम्ही वारल्याचं कळलं.

बीदरातल्या मैलूरच्या आमच्या गच्चीवर या पोरींनी तीच गिटार घेऊन सुरुवात केली. लिहिणारीनं गायचं नाही, एवढी एकच अट मी घातली, कारण न सांगता. शेजारचीचा ढोलकी वाजवणारा भाऊ ड्रमवर बसला. पहिला कार्यक्रम हुमनाबादला, नव्या धाब्याच्या उद्घाटनाला. लॉरीवाले म्हणाले, पिक्चरचं गाणं म्हणा. यांनी आपलंच म्हटलं आणि डाळ-रोटी खाऊन परत आल्या. मग हैदराबादची छोटी कॅफे, मग भिंतींना गोधड्या टांगून आमच्या मागच्या खोलीत केलेलं रेकॉर्डिंग, जे इथल्या कॉलेजातल्या पोरांच्या फोनमध्ये फिरायला लागलं. तेव्हाच गाणी काढणारी एक कंपनी आली. म्हणाली, सगळं करू, पण आवाज एकच हवा, शेजारचीचा.

भांडण माझ्या स्वयंपाकघरात झालं. लेक म्हणाली, "जा की मग. मी इथून गाणी लिहून पाठवते." ती म्हणाली, "टोमणे कामून मारायलीस? मी व्हय म्हटलं का त्यांना?"

"न्हाई तरी कुठं म्हटलीस?"

शेजारची उठली. चप्पल घालून निघून गेली. कितीतरी महिने दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिल्या. बँड संपला असंच सगळे धरून चालले. मी दोन्हीकडे चहा प्यायचे आणि कप विसळून ठेवायचे. सांगण्यासारखं माझ्याकडे जे होतं, ते तुम्ही मला रडू देऊन शिकवलेलं, ते तोंडानं कसं सांगणार?

एका संध्याकाळी लेक गच्चीवर स्वतःचंच नवं गाणं म्हणत होती. मी खाली भाकरी थापत होते. एवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून आवाज आला, "अगं, थांब की तिथं! पळायलीस कुठं?"

"माझं गाणं हाय. पळीन न्हाईतर लोळीन!"

"तुझं हाय म्हणूनच ऐकू येत न्हाई तुला!"

सिस्टर, माझा हात परातीतच राहिला. पलीकडून ती तेच गाणं गायला लागली, भिंतीआडून ऐकून पाठ झालेलं. पहिली ओळ कोरड्या गळ्यानं, दुसरी सावरून, आणि मधे थांबली. मग लेकीची गिटार हळूच तिच्या आवाजाखाली येऊन बसली. गाणं संपल्यावर जिना वाजला आणि दारात प्रश्न आला, "काकू, भाकरी हाय का गरम?" कंपनीला दोघींनी मिळून नको कळवलं. फार मोठं नाव झालं नाही त्यांचं. पण गाणी अजून एकीची दुसरीच्या गळ्यात असतात, आणि मला वाटतं तुम्हाला एवढंच पाहिजे होतं.

उद्या त्या माझं नववीतलं गाणं म्हणणार आहेत. लेक म्हणाली, आई, तूच म्हण; शेजारची म्हणाली, काकू, तुम्हीच म्हणा. मी म्हटलं, मी पडद्याआड उभी राहीन. हे पत्र गिटारच्या पिशवीत ठेवते, दुसरं कुठं टाकणार? आणि एक सांगायचं राहिलं. ती परत करण्याबद्दल तुमची अट मी विसरले नव्हते, सिस्टर. म्हणून तर मी वाजवायला कधी शिकलेच नाही.